टाचा बघणारी नीलाक्का

नीलाक्का कुणाच्याही घरी गेली, की आधी माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही. पांघरूण वर करून टाचा बघायची. माझ्या घरी पहिल्यांदा आली तेव्हाही तिनं हेच केलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दारात टेम्पो थांबला, दोघा माणसांनी काहीतरी जड उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेली, कपाळावर भस्माचा पट्टा ओढलेली एक चाळिशीची बाई थेट माझ्या खोलीत आली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "पाय दाव," म्हणाली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं चादर ओढली.

डाव्या टाचेवर पुरीएवढा फोड होता. मला त्याचा पत्ताच नव्हता, कारण कमरेखालचं मला काही कळतच नव्हतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मोठ्या विश्वासानं सांगितलं, "रोज विटेचा शेक देतोय. पायांत जीव येतो म्हणतात." चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून माझ्या पायांना लावायची, हा त्यांचा तीन आठवड्यांचा नेम होता. मी हूं की चूं करत नव्हते, म्हणजे मला बरं वाटतंय असा त्यांचा समज. नीलाक्कानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आमी लिंगायत. आमच्यात मेल्याली माणसंबी जाळत न्हाईत ओ, पुरत्यात. तुमी जितीच भाजाया काढली व्हय?"

सासूबाई रडायला लागल्या. "रडा खुशाल. पर वीट परत चुलीत जायाची न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन तू गं मास्तरीण? भिताडावर काय लिवलंय का, सारखं वाचाया लागलीस?" चार महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मला इतका राग आला की पलंगाची कड धरून मी स्वतःच्या हातांनी कूस बदलली आणि तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "हां, हात हाईत की धड," ती म्हणाली आणि सासूबाईंना चहा टाकायला सांगितला.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. शहाण्णव सालच्या मे महिन्यात वर्षाच्या चटणीसाठी घरच्या स्लॅबवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. स्लॅबला कठडा नव्हता. 'पुढच्या वर्षी बांधू' असं आमचे हे तीन वर्षं म्हणत होते. वाकून मिरच्या पालथ्या करत मी मागे मागे सरकत गेले आणि पाठीवर खाली अंगणात पडले. मणका गेला, पाय गेले. मिरच्यांना काही झालं नाही. त्यांची चटणी पुढे वर्षभर घरात सगळ्यांनी आवडीनं खाल्ली.

पाठ मोडलेल्या माणसाचं कोल्हापुरात प्रेक्षणीय स्थळ होतं. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर भेळ खाऊन झाली, की मंडळी आमच्याकडे वळायची. हातात मारी बिस्किटांचा पुडा आणि तोंडात एखादी गोष्ट. प्रत्येकाच्या साडूच्या नाहीतर व्याह्याच्या गावात कुणीतरी असंच पडलेलं असायचं, आणि गोष्टीच्या शेवटी ते माणूस हमखास गेलेलं असायचं. गोष्ट संपली की माझ्याकडे बघून मान हलवायची, चहा प्यायचा, आणि उंबऱ्यात उभं राहून मला ऐकू येईल अशा बेतानं हळू आवाजात विचारायचं, "डॉक्टर काय म्हणतात खरं?" माझ्या माहेरची एक लांबची आत्या तर तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा तिनं मी पडले ती जागा अंगणात जाऊन पाहिली.

आमचे हे फौंड्रीत सुपरवायझर. माणूस चांगला. चांगला म्हणजे कुणालाच नाही म्हणता न येणारा. आईनं वीट तापवली, हे हो म्हणाले. मामांनी कुठूनसं तेल आणलं, हे हो म्हणाले. मी दवाखान्यातून घरी आल्यावर कोडोलीहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या, मला बघून डोळ्यांना पदर लावला आणि जाताना आमच्या चार वर्षांच्या तेजूचे कपडे पिशवीत भरले. "चार म्हैनं राहू दे माझ्याकडं. तू बरी झालीस की ने," म्हणाल्या. त्यालाही हे हो म्हणाले. बरी म्हणजे कशी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेजू जीपच्या मागच्या खिडकीतून हात हलवत होती असं नंतर सासूबाईंनी सांगितलं. मला पलंगावरून रस्ता दिसत नव्हता.

नीलाक्का कबनूरची. माझ्या आधी दहा-अकरा वर्षं ती भावाच्या माग-कारखान्यात पोटमाळ्यावरून सुताची पोती उतरवताना पडली होती. नवऱ्यानं सहा महिने वाट बघितली आणि दुसरी बायको केली. ती त्याला नावं ठेवायची नाही, फक्त म्हणायची, "त्येला भाकरी थापणारी पायजे हुती, बायको न्हवं." भाऊ भला होता. त्यानं कांड्या भरायचं मशीन तिच्या खुर्चीच्या उंचीला बसवून दिलं. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी लागते, ती भरायचं काम ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत करायची. "कांडी भराया पाय लागत न्हाईत," म्हणायची. "लोकास्नी वाटतंय जगातलं समदं पायानंच हुतंय."

उरलेल्या वेळात ती आमच्यासारख्यांच्या मागे लागायची. दवाखान्यातल्या एक सिस्टर तिला नव्या पेशंटचा पत्ता कळवायच्या, आणि भावाचा कापडाचा टेम्पो त्या बाजूला निघाला की ही गठ्ठ्यांशेजारी खुर्ची दोरीनं बांधून त्यात बसायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. समाजसेवा हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "शेवा कसली? माझ्यावाणी आजून कोण कोण हाय ते बगाया जातो," म्हणायची. आमच्या भागातल्या बायका बोलतात तशी तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची.

एकदा ती आलेली असताना आत्या चौथ्यांदा आली. दारातच तिचा चेहरा पडायला लागला होता. नीलाक्कानं खुर्ची फिरवून वाट अडवली. "कीव घिऊन आलाय व्हय, पावणं? मग ती भाईर चपलांपाशी ठिवा आन मोकळ्या हातानं आत या." आत्या आत न येता तशीच परत गेली. बिस्किटांचा पुडा मात्र देऊन गेली, आणि तो नीलाक्कानं चहात बुडवून संपवला.

महिन्यातून एकदा, माग बंद असायचे त्या दिवशी, तिच्याकडे कबनूरला आम्ही पाच-सहा जण जमायचो. कुणी ट्रकवरून पडलेलं, कुणी झाडावरून, कुणी विहिरीत. कागलचा वसंत ट्रक ड्रायव्हर होता. घाटात गाडी उलटून त्याची पाठ गेली होती आणि तोंड शाबूत राहिलं होतं. बाहेरच्यांना वाटायचं की आम्ही तिथं धीर देतो-घेतो, भजनं म्हणतो. आम्ही तिथं लघवीबद्दल बोलायचो. चार तासांनी नळी कशी घालायची, प्रवासात काय करायचं, परसाकडची वेळ कशी बसवायची, आरसा धरून स्वतःची पाठ कशी तपासायची. शिकली-सवरलेली मी पहिल्या दिवशी लाजेनं खाली मान घालून बसले होते. वसंत म्हणाला, "बाई, हितं समदी गळकीच हाईत. लाजायचं कुणाला?" मी हसले. पडल्यापासून पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही, आणि घरी जाताना टेम्पोत मी त्या आनंदानं रडले.

"डाक्टरास्नी पाठीतलं कळतंय," नीलाक्का म्हणायची. "पाठ मोडल्यावरचं आमास्नीच कळतंय की." तिची शिकवण्याची रीत मी माझ्या वर्गात वापरली असती तर पालकांनी मला घालवून दिलं असतं. दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन खुर्चीतून अंग वर उचलायचं, म्हणजे जखमा होत नाहीत. विसरलं की ती रिकामी कांडी दंडावर हाणायची. "तितं हाणतो जितं लागतंय," हे वर. पलंगावरून खुर्चीत जाताना मी दोनदा जमिनीवर पडले, तेव्हा ती शेजारी शेंगा फोडत बसली होती. हात दिला नाही. "उटायचं तुला हाय, मला न्हाई," म्हणाली आणि टरफलं माझ्याच अंगावरून सुपात टाकली. मी तिला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या मला येतात हे मला आधी माहीत नव्हतं.

एका क्लबानं तिचा सत्कार ठरवला तेव्हा ती आम्हा सगळ्यांना घेऊन गेली. मोठं व्यासपीठ, हार, शाल, फोटोग्राफर. अध्यक्ष सुटाबुटात होते. ते बारा मिनिटं बोलले आणि त्यात 'दिव्य' हा शब्द इतक्यांदा आला की वसंत माझ्या कानात म्हणाला, "कुणाची तरी पूजा हाय वाटतं." मग तिला नवी खुर्ची भेट दिली. खुर्ची चकचकीत होती आणि तिच्यासारख्या दोन बायका मावतील एवढी रुंद होती. दोन शब्द बोला म्हटल्यावर नीलाक्कानं अध्यक्षांनाच त्या खुर्चीत बसवलं. फोटोसाठी असेल असं समजून ते हसत बसले.

"आता पाय न हालवता खाली पडल्याली शाल उचला बगू," ती म्हणाली. शाल तिनंच मुद्दाम खाली टाकली होती. अध्यक्ष वाकले, खुर्चीला ब्रेक नव्हता, ती मागे सरकली आणि ते पुढे. दोघांनी धरलं म्हणून वाचले. "हे असं रोज हुतंय," माइकमध्ये तिचा आवाज घुमला. "दिव्य-बिव्य काय न्हाई. बेरेक लावून द्या, न्हाईतर तुमची तुमाला असू दे." सभागृहात कुणाला हसावं की टाळ्या वाजवाव्यात ते कळेना. शेवटी काहींनी दोन्ही केलं. आठ दिवसांनी ब्रेकवाली खुर्ची आली.

हे सगळं चाललं होतं आणि तेजू कोडोलीलाच होती. चार महिन्यांचे नऊ झाले. हे रविवारी तिकडे जाऊन यायचे आणि सांगायचे, ती मजेत आहे, म्हशीच्या रेडकाशी खेळते. मला न्यायचा विषय निघाला की जाऊबाईंचा निरोप यायचा, "तुला बगून पोरगी भिईल. आजून जरा सुधार." मी लोकांना एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. तिचं तिथं भलं होतंय, यातच माझं समाधान. लोकांना ते फार आवडायचं. बायका त्यावर डोळे पुसायच्या. कबनूरला एकदा बाकीचे निघून गेल्यावर नीलाक्कानं विचारलं, "पोरगी कवा आणणार?" तेव्हा मी तेच वाक्य म्हणून दाखवलं.

तिनं मशीन बंद केलं. "आयाया, काय थोर मन हाय," म्हणाली. "असं थोर मन मी बी केलतं."

मग तिनं सांगितलं. ती पडली तेव्हा तिचा मुलगा शिवानंद दोन वर्षांचा होता. निपाणीपलीकडे तिची धाकटी बहीण दिलेली. तिला मूल नव्हतं. चार महिने म्हणून तिनं मुलगा नेला. "मी बी म्हटलं, त्येचं भलं हुतंय न्हवं, मग झालं. वरीस गेलं, दोन गेली. एकदा जत्रंला आला, पाया पडला आन म्हणला, मावशी, बरी हाईस न्हवं? मी भणीकडं बगतोय, ती खाली बगतीया." ती हे सांगताना कांड्या टोपलीत एका रांगेत लावत होती. "त्येला ठावं हाय मी कोण ते. ठावं असून मावशी म्हणतोय. त्येची काय चूक न्हाई. जिनं न्हाऊ घातलं, जिनं भरवलं, तिला अव्वा म्हणणार का हिकडं खुडचीत बसल्यालीला? आता चौदा वर्साचा हाय. हुशार हाय म्हणत्यात." मी तिच्या हातावर हात ठेवला, तो तिनं झटकला. "मला कुरवाळू नगंस. पोरगी आन जा."

मे महिन्यात आम्ही कोडोलीला गेलो. ती, मी आणि वसंत. ह्यांना सांगितलं नाही, कारण ते आधी मला हो म्हणाले असते आणि मग वहिनींना. टेम्पोतून तिन्ही खुर्च्या जाऊबाईंच्या अंगणात उतरल्या आणि नीलाक्कानं ड्रायव्हरला सांगितलं, "जा तू आता. निरोप धाडल्यावर ये." जाऊबाई म्हशींचं करून नुकत्याच आत आल्या होत्या. तीन पांगळी माणसं दारात बघून त्यांच्या हातातली घागर तशीच राहिली. गावाकडची रीत, दारात आलेल्याला आधी पाणी. त्यांनी पाणी दिलं. पाणी पिऊन नीलाक्का म्हणाली, "आमी पावणं म्हणून आलोय. मुक्कामाला."

तेजू जाऊबाईंच्या मागे उभी होती. तिनं मला ओळखलं, पण पुढे आली नाही. मी हात पसरले तशी ती पदराआड गेली आणि तिथून एका डोळ्यानं खुर्चीच्या चाकांकडे बघत राहिली. ओळखलं नसतं तर मी समजूत तरी घातली असती. संध्याकाळी मी नीलाक्काला म्हटलं, आपण परत जाऊ, जाऊबाईंचं म्हणणं खरं आहे, पोर मला भितेय. नीलाक्का भाकरी खात होती. "जा की," म्हणाली. "टेम्पो न्हाई. चालत जा."

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी आडून विचारलं, "किती दिस हाय म्हणायचा मुक्काम?"

"पावण्याला असं इचारत्यात व्हय कोडोलीत?" नीलाक्का सोप्यातून एवढ्या मोठ्यानं बोलली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "कबनुरात न्हाई बाई इचारत." झालं. गल्लीभर बातमी पसरली की हिच्याकडे पाहुणे आलेत आणि ही मुक्काम विचारतेय. जाऊबाईंनी निमूटपणे दुपारी पोळ्या लाटल्या. वसंत ताटावर बसला की उठायचा नाही, आणि उठता येत नाही ही सबब त्याच्याकडे आयतीच होती. संध्याकाळी आमचे हे एसटीनं धावत आले, आधी वहिनींची माफी मागितली, मग माझी, आणि कुणाची बाजू घ्यावी ते न कळून म्हशींना वैरण घालायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उन्हात बसले होते. तेजू आली. तिच्या हातात सेफ्टी पिन होती. माझ्याकडे न बघता तिनं ती माझ्या गुडघ्यात टोचली. "लागलं?" मी म्हटलं, नाही. तिनं दुसरीकडे टोचली. "आन आता?" नऊ महिन्यांत तिची भाषा कोडोलीची झाली होती. मी म्हटलं, नाही लागत गं. तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग रडतीस कशापायी?"

सोप्यात बसलेली नीलाक्का खदखदून हसली. मी तिला इतक्या महिन्यांत असं हसताना पाहिलं नव्हतं. "इचार, इचार तिला!" ती ओरडली. "मी बी तेच इचारतोय!" मग एकदम आवाज बदलून, "आन ती पिन टाक खाली. तिला लागत न्हाई, पर रगत येतंय." तेजूनं पिन टाकली. मी विचारलं, केस विंचरू का तुझे? डोक्यात उवा झाल्या होत्या. जाऊबाईंना एवढ्या कामात त्या काढायला वेळ कुठला. ती माझ्या मांडीवर बसली. मांडीला तिचं वजन कळलं नाही, पण पोटाला तिची पाठ टेकली ती कळली. फणी घेऊन मी दुपारपर्यंत तिच्या उवा काढत होते. एवढं सुख मला पुढे कुठल्याच बक्षिसानं, सत्कारानं दिलं नाही.

पाचव्या दिवशी न्हाणीच्या दारात खुर्ची लावून मी तिला न्हाऊ घातलं. जाऊबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. कानामागचा साबण मी धुतला की नाही हेसुद्धा त्यांनी पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी तेजूच्या कपड्यांची पिशवी स्वतःच भरून आणली. "दुदात भाकर कुस्करून लागतीया तिला," म्हणाल्या. "साखर न्हाई, गूळ." आणि गोठ्यात गेल्या त्या टेम्पो निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्यांना दोन मुलगे, मुलगी नव्हती. मी त्यांना मनात नऊ महिने जी नावं ठेवली, ती सगळी त्यांना लागू होती असं मला आता म्हणवत नाही. परतीच्या वाटेवर तेजू माझ्या मांडीवर झोपली. नीलाक्का तिच्याकडे एकदाही बघेना. बराच वेळ रस्ता बघून झाल्यावर ती एवढंच बोलली, "घरी गेल्यागेल्या त्या सलॅपला कठडा बांधून घे. पोरगी हाय घरात." ह्यांनी तो आठवड्यात बांधून घेतला.

पुढं मी शाळेत रुजू झाले. पायऱ्यांवर फळी टाकायला मुख्याध्यापकांनी सात महिने घेतले. त्याआधी रोज सकाळी दोन शिपाई मला उचलायचे आणि मुख्याध्यापक दुसरीकडे बघायचे. नीलाक्का माझ्या वर्गात एकदा आली होती. मुलांनी तिला विचारलं, तुम्हीपण बाई का? ती म्हणाली, "न्हाई, मी तुमच्या बाईची बाई." तिच्यासारखी मीही एखाद्या नव्या पेशंटला भेटून आले की ती नंतर चौकशी करायची, "टाचा बगितल्यास का नुसतं ग्यान शिकवून आलीस?"

दोन हजार सहा साली तिची मूत्रपिंडं थकली. ताप लपवून ती त्या आठवड्यातही दोन घरी जाऊन आली होती, हे नंतर कळलं. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघून आधीच बजावलं, "तोंड नीट कर." मग म्हणाली, "आमच्यात मेल्याल्या माणसाला बसवूनच न्हेत्यात. मला इस वर्सं आदी बसवलं, इतकंच." आपल्याच विनोदावर ती हसली आणि खोकली. शिवानंदला निरोप धाडू का, मी विचारलं. "परीक्षा हाय त्येची," एवढं म्हणून तिनं डोळे मिटले. तिचे हात पांघरुणावर होते. मी त्यावर हात ठेवला. त्या दिवशी तिनं झटकला नाही.

तिला सजवलेल्या खुर्चीत बसवून नेलं. भस्म, फुलं, बेलाची पानं. तेजू तेव्हा चौदा वर्षांची होती. ओबडधोबड वाटेवर माझी खुर्ची तीच ढकलत होती. विधी करणाऱ्या जंगमांनी विचारलं, मुलगा कोण? गर्दीत जरा चुळबुळ झाली. नीलाक्काच्या भावानं एका उंच, नीटनेटक्या तरुणाला खांद्याला धरून पुढे केलं. त्याची मावशी, म्हणजे त्याची आई, मागे उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती. त्यानं सांगितलं तसं सगळं केलं, माती टाकली आणि रुमालानं हात पुसले.

नंतर तो सगळ्यांना पाणी देत फिरत होता. माझ्यापाशी आला, वाकून तांब्या पुढे केला. "काकू, तुमची आन मावशींची वळख कशी?"

मी म्हटलं, "तुझ्या आईनं माझी मुलगी मला परत आणून दिली."

त्यानं तेजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर काही हललं नाही. रागही नाही, संकोचही नाही.

"व्हय," तो म्हणाला. "मावशी लोकांच्यासाठी लई धावायची."

आणि तांब्या घेऊन पुढच्या माणसाकडे गेला.